खेकडे वाचवायला परदेशी माशी सोडायची?

रानवाट:
ख्रिसमस बेट म्हणजे लाल खेकड्यांचं बेट, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं. तिथे बाहेरून आलेल्या पिवळ्या वेड्या मुंग्यांच्या (हेच त्यांचं नाव) महावसाहती १९८९ मध्ये दिसल्या. ही मुंगी डंख मारत नाही, फॉर्मिक आम्ल फवारते. ते डोळ्यांत गेलं की खेकडा आंधळा होऊन तिथेच मरतो. कोटीच्या वर खेकडे गेले. उपाय काय, तर २०१६ मध्ये मलेशियातली इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली. १९३५ मध्ये उसातल्या भुंग्यांसाठी क्वीन्सलँडात केन टोड (मोठा विषारी बेडूक) आणला, तो आजही आवरत नाही. एवढं होऊनही शहाणपण नाही?

मळेकरी:
अहो, टोड दिसेल ते गिळतो. ही माशी मुंगीच्या वाटेलाही जात नाही. मुंग्या जगतात झाडांचा रस शोषणाऱ्या खवले किडीच्या चिकट्यावर, म्हणजे ती सोडते त्या गोड द्रवावर. माशी त्या किडीत अंडी घालते. कीड मेली की चिकटा बंद, मुंग्यांचं रेशन बंद. ती खवले कीडही बेटावर बाहेरूनच आलेली, मग हळहळ कोणासाठी? आपल्याकडे पपईवर मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला तेव्हा २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून अशीच माशी मागवली. फवारून फवारून लोकांनी हात टेकले होते, काम माशीनंच केलं.

रानवाट:
पपईचं सांगता, मग मेक्सिकन भुंग्याचंही सांगा. १९८४ मध्ये गाजर गवतासाठी आणला, पुढे सूर्यफुलावर दिसला.

मळेकरी:
दिसला. सूर्यफूल संपवलं का त्यानं? (गाजर गवतही संपलं नाही, ते सोडा.)

बांधावरची:
माशी नको तर काय हवं, ते तरी बोला. २००२ पासून हेलिकॉप्टरमधून फिप्रोनिल या कीटकनाशकाचं आमिष टाकत आले. मिरचीवर फिप्रोनिल मारणाऱ्यांना विचारा, ते काय प्रकरण आहे. तिथले नारळी खेकडे ते आमिष आवडीनं खातात. म्हणून कोंबडीखाद्याचे ढीग घालून त्यांना आधी बाजूला न्यायचं, मग विष टाकायचं. आणि मुंग्या परत वाढल्या की पुन्हा तेच.

रानवाट:
विष टाकणं उद्या थांबवता येईल. सोडलेली माशी गोळा करायला कोण जाणार?

मळेकरी:
कोणी नाही. पण लाखेच्या किडीच्या कुळाबाहेर (ती खवले कीड याच कुळातली) तिचं पोट भरत नाही. बाकीच्या खवले किडींवर आधी चाचण्या घेतल्या, मगच सोडली.

रानवाट:
चाचण्या घेतल्या तेवढ्यापुरतं खरं.