फ्लोरिडाला चाललेल्या बाबांना ॲलिगेटरबद्दल कसं समजावू?

दुर्भाटची_बाय
नमस्कार सगळ्यांना. आईबाबा एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी ताईकडे जाताहेत, फ्लोरिडात टॅम्पाजवळ. ताईच्या घरामागे कॉलनीचं तळं आहे, कुंपण वगैरे काही नाही, लॉन उतरत उतरत थेट पाण्यातच जातं. तिने व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर काठावर ॲलिगेटरचा पिवळा बोर्ड. बाबांनी चष्मा पुसून बघितला आणि म्हणाले, "हे तर आपलेच मांगे." (आमच्याकडे मगरीला मांगे म्हणतात.) बाबांचा जन्म गेला गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी, पौष अमावास्येला मांगे थापणीला, म्हणजे मगरीच्या पूजेला, चिखलाची मगर थापायला अजून जातात, त्यामुळे मी काही सांगायला गेले की "मला मगरी शिकवू नको" एवढंच उत्तर मिळतं. पहाटे साडेपाचला पाण्याकाठी फिरायची सवय, त्यात ताईचा छोटासा कुत्रा आहे तो आता आजोबाच फिरवणार असं आधीच ठरलंय. मला खरंच झोप लागत नाहीये. तिथे राहणाऱ्या कुणी सांगाल का नक्की काय सांभाळायचं, आणि बाबांच्या गळी कसं उतरवू?

फोंड्याचा_टॅम्पात
ताई, मी १४ वर्षं इथे आहे. आधी कुत्र्याचं सांगतो कारण मला तीच सगळ्यात मोठी काळजी वाटते. छोटा कुत्रा म्हणजे ॲलिगेटरच्या नेहमीच्या शिकारीच्या मापाचा, तो कुत्र्यासाठी येतो आणि पट्टा धरलेला माणूस मधे सापडतो. २०२३ मध्ये फ्लोरिडातच एक म्हाताऱ्या बाई घराजवळच्या तळ्याकाठी कुत्रा फिरवताना अशाच गेल्या. तेव्हा कुत्रा रस्त्याच्या बाजूनेच फिरवायचा, पट्टा आखूड, आणि उजाडल्यावरच. संध्याकाळ ते पहाट हीच त्यांची फिरायची वेळ, म्हणजे साडेपाचचा वॉक तिथे बंद.

दुसरं म्हणजे एप्रिल ते जून हा त्यांचा जोडीचा सीझन, नर एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायला रस्ते ओलांडतात, कधी गॅरेजमध्ये, स्विमिंग पूलमध्ये सापडतात. माझ्याकडे एकदा मे महिन्यात सकाळी कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेलो तर गाडीखालून आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ कशी फुसफुसते अगदी तसा. वाकून बघितलं तर सात फुटी. मी मागच्या मागे घरात आलो, सरकारी हेल्पलाइनला फोन केला, ट्रॅपर येऊन तोंडाला टेप लावून घेऊन गेला. चार फूट किंवा त्याहून मोठा असेल आणि माणसांना, कुत्र्यामांजरांना धोका वाटत असेल तर त्यांना बोलवायचंच, लाजायचं नाही.

आणि शिळी पोळी तळ्यात टाकायची नाही. आपल्या आजीआजोबांना बदकं, कासवं बघितली की राहवत नाही, माझी आईपण तेच करायची. पोळीला कासवं आणि बदकं जमतात आणि त्यांच्या मागे तो येतो. ॲलिगेटरला खायला घालणं तर फ्लोरिडात गुन्हाच आहे, कारण एकदा माणूस म्हणजे खाणं हे डोक्यात बसलं की त्याची भीड चेपते आणि मग त्याला मारावंच लागतं.

खाजनातला
मी मडकईचा. बाय, बाबांना शिकवायला जाऊ नका, त्यांना विचारा. रोज त्याच वेळी मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी त्याच दगडावर बसाल का, असं विचारा. ते नाहीच म्हणतील, मगर आपली सवय बघून ठेवते हे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पण एक गोष्ट त्यांना खरंच नवी असेल. आपली मगर आपल्याला दिसते ती ओहोटीमुळे. पाणी उतरलं की ती चिखलावर ऊन खात पडते, आणि ती नसली तरी पोट घसरत पाण्यात गेल्याचा गुळगुळीत पट्टा चिखलावर उठलेला असतो, तो ओला की सुकलेला बघून आपण बांधावरून पुढे जायचं की नाही ते ठरवतो. ताईच्या तळ्याला ना भरती ना ओहोटी, काठापर्यंत गवत, तिथे बाबा काय वाचणार? त्यांचं सगळं ज्ञान चिखलावर लिहिलेलं आहे आणि तिथे चिखलच नाही. हे असं सांगा, त्यांना पटेल.

बाकी प्राणी वेगळा आहे. आपल्याकडे ॲलिगेटर नाहीतच, आपली ती मगर, फक्त तिचं तोंड सगळ्या क्रोकोडाइलमध्ये रुंद त्यामुळे टुरिस्ट फसतात. तोंड मिटलं तरी मगरीचे खालचे दात बाहेर दिसतात, ॲलिगेटरचे वरच्या जबड्यात झाकले जातात. काठावरून ओढायची पद्धत मात्र दोघांची एकच.

आणि खायला घालण्याबद्दल भाऊंनी लिहिलं ते आपल्याकडेही लागू. आमच्या इथे पुलावरून चिकनच्या दुकानातला कचरा, माशांची आतडी पिशव्या भरभरून टाकतात आणि त्याच्याच खाली बायका तिसऱ्यो (शिंपल्या) काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. मी भांडतो, पंचायतीत बोललो, परत टाकतातच. खूप राग येतो.

मये_तळ्याकाठी
मागे लागला तर नागमोडी पळायचं असं ऐकलंय, खरं का?

फोंड्याचा_टॅम्पात
नाही हो, सरळ पाण्यापासून लांब पळायचं. जमिनीवर तो लांबवर पाठलाग करत नाही. पकडलंच तर सोडेल म्हणून थांबायचं नाही, डोळ्यांवर, नाकाडावर मारत राहायचं, आणि चावा बारीक दिसला तरी हॉस्पिटल, कारण जखम फार लवकर चिघळते. घाबरवत नाही ताई, अख्ख्या फ्लोरिडात न डिवचता झालेले, उपचार घ्यावे लागतील असे चावे वर्षाला सरासरी आठ. पण अंतर सोडा. मी काठापासून दोन गाड्या आडव्या लावता येतील एवढं सोडतो.

दुर्भाटची_बाय
खाजनातले दादा, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. बाबा गप्प झाले. मग जेवताना म्हणाले, "ओहोटी नाही, मग तो ऊन कुठे खातो?" ताईला दुपारी परत व्हिडिओ कॉल लावायला लावला, ती उन्हात फोन धरून उभी आणि बाबा "डावीकडे ने, थांब, गवताजवळ ने" असं करत बघताहेत. पलीकडच्या काठाला लव्हाळ्यात एक ओंडका होता, ताई म्हणाली तो कायमच तिथे असतो. बाबा म्हणाले, "त्याच्यावर कासव का चढत नाही मग? बाकी सगळ्या लाकडांवर बसलीत." पाच मिनिटांनी तो पाण्यात सरकला.

कुत्रा रस्त्यावरून फिरवायचा हे आता बाबाच ताईला बजावताहेत. फोंड्याचे दादा, हेल्पलाइनचा नंबर मेसेज करा प्लीज, ताईच्या फ्रिजवर चिकटवायचा आहे.