पोलीस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्यांत मागता यावेत का?

तापीकाठ (वकील, अमळनेर)
१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तपासात आरोपीला कोठडीत ठेवण्याबद्दलच्या जुन्या कलम १६७ चे काम आता कलम १८७ करते. पहिल्या रिमांडपासून (न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिल्यापासून) पंधरा दिवस उलटले की त्या गुन्ह्यात पुन्हा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुपम कुलकर्णी प्रकरणात १९९२ मध्ये ठरवून दिले होते. नव्या कलमात एकूण दिवस पंधराच आहेत. मात्र तपासाची मुदत ६० दिवसांची असेल तर पहिल्या ४० दिवसांत आणि ९० ची असेल तर पहिल्या ६० दिवसांत ते सलग किंवा तुकड्यांनी मागता येतात. माझा याला विरोध आहे. घरच्यांनी जामीनदाराचा सातबारा आणि सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) जमवून आणावी आणि सरकार पक्षाने ‘अजून नऊ दिवस शिल्लक आहेत’ एवढेच म्हणावे, हा जामिनाला लावलेला खोडा आहे.

केळीबाग (रावेर)
मी वकील नाही, फिर्यादी आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची केबल रात्रीतून कापून नेली, नाल्यात वरचे प्लास्टिक जाळले आणि तांबे किलोवर विकले. मे महिन्यात बागेचे पाणी चार दिवस तुटले की घडाचे काय होते, हे केळीवाल्यालाच विचारा. दोघे सापडले, तीन दिवस पीसीआर झाला आणि मग एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. तांबे घेणारा भंगारवाला पंचविसाव्या दिवशी हाती लागला आणि त्याने तिसरेच नाव सांगितले. जुन्या कायद्यात त्या दोघांना पुन्हा ताब्यात घेऊन त्याच्यासमोर बसवताच आले नसते.

तापीकाठ
तुमचे नुकसान मी नाकारत नाही. पण साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे, आणि अशा गुन्ह्यात कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस पुरेशी असताना अटक कशासाठी, याची कारणे नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाचा अर्णेश कुमार निकाल २०१४ पासून तेच सांगतो. शिवाय न्यायालयाच्या परवानगीने कारागृहात जाऊनही विचारपूस करता येते.

निवृत्त तपासी अंमलदार (धुळे)
कारागृहातल्या विचारपुशीतून मुद्देमाल निघालेला मी तरी पाहिला नाही. वकीलसाहेबांनी जामिनाच्या कलम ४८० चे परंतुक (कलमाला जोडलेली अट) सांगितलेच नाही: पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते, एवढ्याच कारणावरून जामीन नाकारता येत नाही. पीसीआरसाठी आरोपीला प्रत्येक वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे समक्ष हजर करावे लागते. व्हिडिओवर भागते ते फक्त एमसीआर वाढवताना. आणि दिवस वाया घालवण्याची आरोपीची युक्ती कुणाला माहीत नाही? पहिल्याच रात्री छातीत दुखू लागते, सिव्हिलला दाखल, आणि कोठडी संपली की छाती बरी. २०२३ मध्ये विकास मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही यावर बोट ठेवले होते.

सातपुडा (धडगाव)
परंतुक कागदावर चांगले आहे. कलम १८७ मध्येच म्हटले आहे की आरोपी जामिनावर सुटला आहे की नाही, हे पाहून कोठडी द्यावी. आता आमच्याकडचा पावरी बोलणारा मजूर घ्या. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, म्हणून तो आतच राहतो. पैसेवाला पाचव्या दिवशी बाहेर पडतो आणि ४० दिवसांची टांगती तलवार मजुराच्याच डोक्यावर राहते. छातीत दुखणारे वेगळे आणि ही कोठडी भोगणारे वेगळे.

निवृत्त तपासी अंमलदार
हा दोष जामीनदाराच्या पद्धतीचा आहे, कलम १८७ चा नव्हे. पूर्वी दिवस बुडतील या भीतीने आम्ही पहिल्याच दिवशी जास्तीत जास्त मागत असू. आता दोन मागून थांबता येते.

तापीकाठ
थांबता येते, पण थांबवणार कोण? दुसऱ्यांदा कोठडी मागताना केस डायरीत (तपासाच्या रोजनिशीत) पहिल्या कोठडीनंतर नवे काय आले, ते न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेशात लिहिल्याशिवाय ती देऊ नये, एवढे तरी मान्य कराल?

केळीबाग
मला मान्य आहे. भंगारवाल्याचा जबाब नवाच होता.