उंदरांचे प्लेटलेट मोजायचेत, मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरात पीएचडी चालूय, सी५७ ब्लॅक जातीच्या उंदरांना शिगा टॉक्सिन २ (किडनी बिघडवणारं जिवाणूंचं विष) आणि एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, दाह आणणारा घटक) देऊन किडनी आणि रक्त बघतोय, एथिक्स कमिटीची परवानगी आहे. युरिया चढलाय, स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) तुटक्या लाल पेशी दिसतात, पण प्लेटलेट पडायला पाहिजेत त्या मशीनवर नॉर्मलच! नुसत्या टॉक्सिननं उंदरात त्या फारशा पडत नाहीत, म्हणून तर एलपीएस घातलं. मशीन माणसांच्या सेटिंगचं, उंदराची लाल पेशी माणसाच्या जवळपास निम्मी, आकारमान ५० फेम्टोलिटरच्या आसपास, त्यामुळं तिचे तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले जात असतील असा डाउट आहे. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब बदलून बघितली, गुठळ्या नाहीत. रक्त जेमतेम मिळतं आणि पुण्याला पाठवेपर्यंत शिळं होतं. अमोनियम ऑक्झलेट (लाल पेशी फोडणारं द्रावण) घालून न्यूबॉअर चेंबरवर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) हातानं मोजलं तर चालेल का, आणि उंदराच्या रक्ताला डायल्यूशन किती ठेवता?