अनुभव धागा: परदेशातून दत्तक घेताना – कागदपत्रे आणि प्रतीक्षा

परदेशातून मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना भेटणारा प्रत्येक जण विचारतो की बाळ कधी येणार. ज्या महिन्यांत या प्रश्नाला उत्तर नसते, त्या महिन्यांत नेमके काय करावे लागते याविषयी, ज्यांनी ते महिने काढले आहेत त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

आमच्या फाइलमध्ये जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, उत्पन्नाचे पुरावे, वैद्यकीय तपासण्या, पोलीस पडताळणी, परिचितांची शिफारसपत्रे आणि समाजकार्यकर्तीने घरी येऊन, आमच्याशी अनेकदा बोलून तयार केलेला गृह-अध्ययन अहवाल होता. यांतील बऱ्याच कागदांना स्वतःची मुदत असते, हे आम्हाला उशिरा उमगले. शेवटचा कागद हाती येईपर्यंत पहिला कालबाह्य झाला होता. वैद्यकीय दाखला नवा काढला, तोवर पोलीस पडताळणीची मुदत संपत आली. मध्येच यजमानांनी नोकरी बदलली, म्हणून अहवालाला पुरवणी जोडावी लागली. तेव्हा मी एक वही केली आणि तिच्यात कागदाचे नाव, तो काढल्याची तारीख, मुदतीची तारीख आणि नवा मिळायला लागणारे दिवस असे चार रकाने आखले. चौथा रकाना सर्वांत उपयोगी पडला, कारण धावपळ कधी सुरू करायची हे तोच सांगत असे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मिळायला वेळ लागणारे कागद आधी मागवावेत आणि लवकर शिळे होणारे अगदी शेवटी काढावेत.

———

माझी अडचण मुदतीची नव्हती, नावाची होती. मी एकटीने अर्ज केला होता, आणि जन्मदाखल्यावरील व पासपोर्टवरील माझ्या नावात एका अक्षराचा फरक होता. १९६१ च्या हेग करारानुसार मिळणारे अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार त्याला जोडते ते प्रमाणपत्र, लागले की कागद निर्दोष ठरतो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात अपॉस्टिल केवळ सही, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्का खरा असल्याचे सांगते. मजकुराची हमी देत नाही. भाषांतरकाराने दोन्ही नावे जशीच्या तशी उतरवली, आणि फाइल तपासणाऱ्यांना त्या दोन वेगळ्या स्त्रिया वाटल्या. मग शपथपत्र, नोटरी, पुन्हा अपॉस्टिल, पुन्हा अधिकृत भाषांतर यांत चार महिने गेले. भाषांतर अपॉस्टिलच्या आधी हवे की नंतर, हेही आधीच लेखी विचारून घ्यावे.

———

मला राग येत असे. फोटो आला होता, नाव कळले होते, तरीही भेट नाही. मग मी परदेशी दत्तकविधानांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे १९९३ चा हेग दत्तक करार, शांतपणे वाचला. मूल खरोखर दत्तक देण्याजोगे आहे का, त्याच्या स्वतःच्या देशात त्याला कुटुंब मिळू शकते का याचा आधी विचार झाला का, आईची संमती जन्मानंतरच आणि कोणताही मोबदला न घेता दिलेली आहे का, हे सर्व तपासावे लागते. दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांनी, म्हणजे या करारासाठी नेमलेल्या सरकारी यंत्रणांनी, होकार दिल्याशिवाय मूल सोपवण्याचा निर्णय घेता येत नाही. आईच्या संमतीविषयीचे वाक्य वाचल्यावर माझा राग ओसरला. वाट पाहणे मात्र सोपे झाले नाही. बाल-अहवालात आमची मुलगी दहा महिन्यांची होती आणि रांगत होती. त्यातील वजन-उंची पाहून घेतलेले कपडे दोनदा लहान झाले. आम्ही प्रत्यक्ष पोहोचलो तेव्हा ती दोन वर्षांची झाली होती, आणि आम्हाला पाहताच धावत जाऊन दारामागे लपली.

———

आमची प्रतीक्षा संपली नाही, थांबली. ज्या देशात आमची फाइल होती, त्याने परदेशी दत्तकविधाने बंद केली. इथिओपियाने २०१८ मध्ये आणि चीनने २०२४ मध्ये असाच निर्णय घेतला, तेव्हा आमच्यासारखी कितीतरी घरे अधांतरी राहिली असतील. अशा निर्णयांमागे पूर्वीच्या गैरव्यवहारांचा इतिहासही असतो, आणि तो मी नाकारत नाही. तरीही मुलाची निवड झालेली फाइल आणि केवळ नोंदणी झालेली फाइल यांचे पुढे काय होते, हे अर्ज करतानाच विचारावे. आम्ही विचारले नव्हते.

———

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे, कारण मला परदेशातून दत्तक घेतले गेले. मुलाच्या मूळाविषयीची माहिती जपून ठेवण्याचे बंधन हेग दत्तक करार सरकारांवर घालतो. पण ती पाहायला मिळणे प्रत्येक देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. माझ्या आईने मात्र प्रत्येक कागदाची प्रत ठेवली, न कळणाऱ्या भाषेतली मूळ पानेसुद्धा. कृपया तुम्हीही ती टाकू नका. भाषांतरात पुष्कळ गळते. माझ्या वैद्यकीय तक्त्याच्या समासात कुणी परिचारिकेने पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती, आणि अधिकृत भाषांतरात ती नव्हती. ती भाषा शिकल्यावर मी ती स्वतः वाचली: ‘कुशीत घेतल्याशिवाय दूध घेत नाही.’