नवख्यांनी स्पर्धेत जरूर उतरावं
नवख्या आर्किटेक्टनं स्पर्धांत वेळ घालवू नये, हे मत मला अजिबात पटत नाही. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या डिझाइनची स्पर्धा १९८१ मध्ये माया लिननं जिंकली, तेव्हा ती येल विद्यापीठात शिकत होती, वय २१. प्रवेशिकांवर नावं नव्हती, फक्त काम बघितलं गेलं. मी भाग घेते ती याचसाठी.

स्पर्धांतल्या शाश्वत, म्हणजे पर्यावरण जपणाऱ्या, डिझाइनबद्दल मात्र तक्रार आहे. गच्चीवर हिरवी झाडं रंगवली की झालं, असं का? स्पर्धकांकडून भिंतीचा छेद, म्हणजे ती आतून कशी रचली ते दाखवणारं रेखाटन, मागा ना! आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात रुजवलेल्या रॅट-ट्रॅप बाँड या वीटकामाच्या पद्धतीत विटा कडेवर उभ्या रचतात, मध्ये पोकळी राहते. जवळपास पाव भाग विटा वाचतात, उन्हाची धगही आत कमी येते. माझ्या पुढच्या प्रवेशिकेच्या शीटवर हाच छेद सगळ्यात मोठा असेल.