घरातच खेळायचं, तर हँडहेल्डमध्ये ताकद हवी कशाला?

पलंगवीर (धागाकर्ता)
मुद्दा मांडतो, मग तुटून पडा.

एका खोलीत तगडा पीसी धूळ खात पडलाय. पलंगावर लोळून खेळता यावं म्हणून आपण स्टीम डेकसारखं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं, स्वतः गेम चालवणारं यंत्र घेतो. आणि मग तोच गेम खालच्या सेटिंगवर, पंख्याची घरघर ऐकत, चार्जर शोधत खेळतो. का? पहिल्या डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची. जड गेमने २० वॉट ओढायला सुरुवात केली की दोन तासांत खेळ खल्लास. तेच यंत्र मूनलाइटवर (पीसीवर चाललेला गेम घरच्या वायफायवरून दुसऱ्या यंत्रावर दाखवणारं, म्हणजे स्ट्रीम करणारं ॲप) नुसता आलेला व्हिडिओ उलगडत बसलं की पंखा ऐकू येत नाही आणि माझ्याकडे पाचेक तास सहज निघतात. वर चित्र पीसीच्या अल्ट्रा, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगचं.

सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ वरचा गेम वायफायने हातात आणणारं प्लेस्टेशन पोर्टल काढलं, तेव्हा 'स्वतः एकही गेम चालवत नाही' म्हणून लोक हसले. ८ इंची पडदा, १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम, हातात नेहमीचा कंट्रोलर. घरात अजून काय लागतं? माझ्या मते तेच सगळ्यात प्रामाणिक यंत्र आहे.

चिडका_बिब्बा
इतकं प्रामाणिक की ब्लूटूथ हेडफोनसुद्धा जोडू देत नाही.

अहो, हे 'आता जमलं' आम्ही किती वेळा ऐकायचं? २०१२ मध्ये निन्टेंडोच्या वी यू कन्सोलचा गेमपॅड हेच करत होता. भिंतीपलीकडे गेलात की चित्र गारठायचं. २०१५ मध्ये पीसीचा गेम टीव्हीवर दाखवणारा स्टीम लिंकचा डबा आला, २०१८ मध्ये बंद. एनव्हिडियाने आपल्या शील्ड यंत्रांवरचं गेमस्ट्रीम (हीच स्ट्रीमिंगची सोय) २०२३ मध्ये काढून घेतलं. स्वतः गेम चालवणारं यंत्र कंपनीच्या मर्जीवर चालत नाही.

पलंगवीर
गेमस्ट्रीम गेलं तेव्हा माझं काय अडलं? पीसीवर चित्र पाठवणारं सनशाइन टाकलं, मूनलाइट होतंच. दोन्ही मुक्त स्रोत. काढून घेणार कोण? डबा बंद झाला, पण स्टीम लिंकचं ॲप फोनवर आजही चालतं.

नवखा_०७
माझ्याकडे ३०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे तरी दर मिनिटाला चित्राचे ठोकळे होतात. प्लॅन वाढवू का?

तारकुंपण
नका वाढवू. नेटवाल्याचा इथे काही संबंधच नाही. पीसी ते राउटर, राउटर ते हातातलं यंत्र, एवढाच प्रवास. घराबाहेरची लाइन तोडली तरी मूनलाइट-सनशाइन चालेल. १०८०पी ६० फ्रेमला २० एमबीपीएस म्हणजे पुष्कळ झाले. तुमचा पीसी वायफायवर आहे ना? खरं सांगा.

नवखा_०७
हो. राउटर बाहेर, पीसी आतल्या खोलीत.

तारकुंपण
तिथेच घोडं पेंड खातंय. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. पीसी राउटरला सांगतो, तेवढा वेळ बाकीचे गप्प. मग राउटर तेच हँडहेल्डला सांगतो, पुन्हा बाकीचे गप्प. एकच फ्रेम हवेतून दोनदा जाते. पीसीला लॅन केबल लावा, अर्धी गर्दी तिथेच कमी होईल. मग हँडहेल्ड ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. २.४ वर ब्लूटूथ आहे, शेजाऱ्यांचे राउटर आहेत आणि मायक्रोवेव्हही तिथेच सांडतो. आमच्याकडे दूध गरम करायला ठेवलं की बरोबर तेवढाच वेळ माझा हिरो भिंतीला डोकं आपटत उभा राहायचा. टिंग वाजलं की शुद्धीवर.

मात्र ५ गिगाहर्ट्झ भिंती फारशा ओलांडत नाही. दोन पक्क्या भिंती मध्ये असतील तर केबल टाकून त्या बाजूला दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा. वायफाय नुसतं पुढे ढकलणाऱ्या रिपीटरच्या नादी लागू नका, तो बहुतेक वेळा तीच हवा पुन्हा वापरतो.

चिडका_बिब्बा
बघा! पलंगावर लोळायचं म्हणून आधी भिंतीला भोकं पाडायची. आणि म्हणे सोय.

कॉम्बोकाका
मी फायटिंग गेमवाला, म्हणून माझी तक्रार वेगळी. ६० फ्रेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. बटण दाबलं, ते पीसीकडे गेलं, फ्रेम बनली, एन्कोड झाली (पाठवण्यासाठी आवळली), हवेतून आली, डीकोड झाली (परत उलगडली), मग पडद्यावर. वायफाय कितीही गुणी असलं तरी यात दोन-तीन फ्रेम जातात. दोन-तीन फ्रेमांत आमच्याकडे मॅच जाते. आणि सरासरी लॅगचं, म्हणजे उशिराचं, एकवेळ सोडा, बोटांना त्याची सवय होते. आता ५ मिलिसेकंद, मग ४०, परत ५ अशी जी धाकधूक असते ना, तिची सवय होत नाही. पॅरी, म्हणजे ऐन क्षणी वार अडवणं, जुगार होऊन बसतो.

पलंगवीर
फायटिंगला स्ट्रीमिंग नको, हे कबूल. पण काका, तुम्ही टीव्हीवर खेळता ना? गेम मोड चालू आहे का? बरेच टीव्ही चित्र गोंडस करण्याच्या नादात याहून जास्त लॅग घालतात, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

कॉम्बोकाका
घरी जाऊन बघतो.

एकच_पीसी
तुम्ही सगळे मिलिसेकंदांत अडकलात. आमच्याकडे अडचण माणसांची आहे. मी पलंगावर स्ट्रीम करत असलो की पीसीवर दुसऱ्या कुणालाच काही करता येत नाही. ताईला प्रोजेक्ट पूर्ण करायचं असतं, ती माउस हलवते आणि इकडे माझा कॅमेरा आकाशाकडे. एकदा बाबा खोलीत गेले, खुर्ची रिकामी आणि पडद्यावर माणूस आपला आपण घोडा दौडवतोय. त्यांनी शांतपणे बटण दाबून पीसी बंद केला. शेवटचं सेव्ह पाऊण तासापूर्वीचं होतं. हँडहेल्डवर चालवला असता तर कुणाचा हात पोचला नसता.

तारकुंपण
घोडेस्वाराला श्रद्धांजली. आणि खरं म्हणजे या धाग्यातला हाच सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

चिडका_बिब्बा
विजेचंही बोला की. हातातलं यंत्र ८ वॉटवर चाललंय म्हणून धागाकर्ते खूश, आणि पलीकडे पीसी तीनशे-साडेतीनशे वॉट ओढतोय. बॅटरी वाचली ती मीटरच्या जिवावर. तोच गेम डेकवर २० वॉटमध्ये चालला असता. १२८० बाय ८०० च्या पडद्यावर अल्ट्रा आणि मीडियममधला फरक दिसतो तरी का?

पलंगवीर
सावल्यांत आणि लांबच्या झाडांत दिसतो. पण विजेचा मुद्दा लागला, नाही म्हणत नाही. फ्रेम ६० वर बांधल्या आणि पीसीवर रिझोल्यूशनही ८०० च केलं तर ग्राफिक्स कार्ड बरंच शांत बसतं. वीस वॉट मात्र होणार नाहीत, हे मान्य.

एकच_पीसी यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. माझा पीसी दुसरं कुणी वापरत नाही, हे मी गृहीतच धरलं होतं. तुमच्या घरी मी स्वतःच गेम चालवणारं यंत्र घेतलं असतं.

नवखा_०७
केबल टाकली. दारातून, चटईखालून. ठोकळे गेले! आता डेकवर चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात, ते काय?

तारकुंपण
पीसी १६:९ पाठवतोय, डेक १६:१० आहे. पीसीवर १२८० बाय ८०० चं रिझोल्यूशन बनवून घ्या, जातील. आणि चटई नीट दाबा, कुणीतरी अडखळेल.

कॉम्बोकाका
टीव्हीचा गेम मोड बंद होता. तीन वर्षं. यावरून धागाकर्ते जिंकले असा अर्थ कुणी काढू नये.