टॅमवर्थला 'धोक्याचं गाव' ठरवणाऱ्या याद्या फसव्या आहेत

अंकरकाठ (धागाकर्ता)

बर्मिंगहॅमला नोकरी लागलेल्या ओळखीच्या एका जोडप्याने टॅमवर्थला घर घ्यायचा विचार केला आणि लगेच सोडूनही दिला. घरं शोधायच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला, तर 'गुन्हेगारी : जास्त' असा लाल शेरा आला, एवढंच कारण. मी इथे राहतो, मुलं इथल्याच शाळेत जातात, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्याच्या दक्षिण टोकाला, टेम आणि अंकर या नद्यांच्या संगमावर वसलेलं हे बाजारपेठेचं गाव. एके काळी मर्सिया या जुन्या अँग्लो-सॅक्सन राज्याच्या राजांची राजधानी, नॉर्मन काळातला किल्ला अजून उभा आहे. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 79 हजारांच्या आतबाहेर. रेल्वेने बर्मिंगहॅम वीसेक मिनिटांवर, आणि तिथल्या मानाने घरं स्वस्त.

आता शेऱ्याकडे येऊ. 'दर हजारी गुन्हे' काढताना वर त्या भागात नोंदलेले गुन्हे असतात आणि खाली, म्हणजे छेदात, तिथे *राहणारी* माणसं. टॅमवर्थच्या व्हेंचुरा रिटेल पार्कमध्ये आजूबाजूच्या स्टॅफर्डशायर-वॉरिकशायरमधून लोक गाड्या भरून खरेदीला येतात. तिथे झालेली प्रत्येक दुकानचोरी टॅमवर्थकरांच्या डोक्यावर वाटली जाते. किल्ल्याभोवतीच्या कॅसल वॉर्डात बाजार, पब, रेल्वे स्टेशन सगळं एकवटलेलं आहे आणि येणाऱ्यांच्या मानाने राहणारे मोजके, त्यामुळे नकाशावर तो भाग कायम लाल. बाजारपेठेच्या कुठल्याही गावाची हीच गत होते, कारण बाहेरची माणसं येणं हाच त्या गावाचा धंदा आहे.

दुसरं म्हणजे, पोलिसांच्या संकेतस्थळावरचा नकाशा गुन्ह्याची नेमकी जागा दाखवतच नाही. तक्रारदाराची ओळख झाकण्यासाठी प्रत्येक गुन्हा जवळच्या ठरावीक बिंदूवर नेऊन ठेवतात : 'सुपरमार्केटवर किंवा जवळ', 'वाहनतळावर किंवा जवळ'. अमुक गल्लीत दहा गुन्हे दिसले म्हणून ती गल्ली वाईट, असा अर्थ त्यातून निघत नाही. अशा कच्च्या मालावर कोणीतरी 'इंग्लंडमधली सर्वांत धोकादायक छोटी गावं' अशी यादी बनवतो, आणि एका कुटुंबाचा आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च त्या यादीवर ठरतो. हे थांबायला हवं.

---

कोष्टक

छेदाबद्दल बरोबर आहात, पण निष्कर्षाबद्दल असहमत. मोजमापात दोष आहे म्हणून आकडाच फेकून द्यायचा का? टॅमवर्थची तुलना शेजारच्या खेड्याशी करू नका. तेवढीच वस्ती, तसाच बाजार, तसंच उत्पन्न असलेल्या गावांशी करा. तसं केलं की बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकांचा मुद्दा बराचसा निकाली निघतो.

एकेका प्रकाराकडेही वेगळं बघायला हवं. नकाशावर बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा गट 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' हाच असतो. हे वाचून लोक हादरतात, पण धमकीचे संदेश, पाठलाग, छळ, इजा न झालेली झटापट हे सगळं त्यातच मोडतं. आणि 2014 साली पोलिसांच्या कामाची तपासणी करणाऱ्या संस्थेने सांगितलं होतं की लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे 19 टक्के नोंदवलेच जात नव्हते, हिंसेच्या बाबतीत तर 33 टक्के. त्याच वर्षी पोलिसांच्या आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जाही, म्हणजे आकडे विश्वासार्ह असल्याचा अधिकृत शिक्काही, काढून घेतला गेला. त्यानंतर नोंदणी सुधारली, आणि आकडे वाढण्यामागे तेही एक कारण आहे.

तुमच्या बाजूने जाणारी एक गोष्टही सांगतो. घरोघरी जाऊन विचारणारं जे राष्ट्रीय गुन्हे सर्वेक्षण आहे, त्यानुसार 1995 च्या सुमाराला गुन्हेगारी शिखरावर होती. तेव्हापासून घरफोडी, वाहनचोरी, मारामारी खूप उतरली आहे. मात्र ते सर्वेक्षण एखाद्या गावाचा आकडा देत नाही आणि दुकानांना विचारत नाही. म्हणजे टॅमवर्थबद्दल बोलायचं तर शेवटी पोलिसांच्याच आकड्यांकडे यावं लागतं. ते अपुरे आहेत, तरी नुसत्या छापांपेक्षा बरे.

---

गल्ल्यावरची

धागाकर्ते, तुम्ही 'दुकानचोरी' हा शब्द असा वापरलात जणू ती मोजायची गोष्टच नाही. मी दुकानात काम करते. कुठल्या ते सांगत नाही, पण मिडलँड्समधलंच, म्हणजे इंग्लंडच्या याच मधल्या भागातलं आहे.

मांस, चीज, धुण्याच्या कॅप्सूल, दारू, बाळाच्या दुधाची पावडर. पिशवी उघडून फळीवरचं सगळं आत ढकलतात आणि आमच्याकडे बघत निघून जातात. आम्हाला अडवू नका अशी सूचना आहे, आणि ती योग्यच आहे, कारण अडवलं की मार बसतो. व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2023-24 साठी दुकानातल्या कर्मचाऱ्यांना शिवीगाळ, धमक्या आणि मारहाणीचे दिवसाला 2,000 हून अधिक प्रसंग सांगितले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांनी नोंदवलेल्या दुकानचोऱ्या 2024 मध्ये 5 लाखांच्या वर गेल्या. बऱ्याचशा चोऱ्या तर कळवल्याच जात नाहीत.

त्यात 2014 च्या कायद्याने 200 पौंडांखालच्या चोरीला हलक्या गुन्ह्याच्या वाटेला लावलं. कागदावर तो गुन्हाच राहिला हे मला माहीत आहे. पण चोर 200 चा हिशेब करून पिशवी भरतात, हे गल्ल्यामागून दिसतं.

'खरेदीला आलेल्यांचे गुन्हे गावकऱ्यांच्या माथी' हे वाक्य म्हणूनच मला लागलं. त्या गिऱ्हाइकांना सामान देणारी माणसं गावचीच असतात. मी धरून आमच्याकडच्या सगळ्या बायका चालत किंवा बसने घरी जातात. चोरी त्यांच्या अंगावर होते. ती छेदात कुठेही टाका, आम्हाला काही फरक पडत नाही.

---

अंकरकाठ

ताई, तुमचं दुखणं नाकारत नाही. दुकानचोरी मोजायची गोष्ट आहेच, आणि कर्मचाऱ्यावर हात टाकणाऱ्याला कडक शिक्षा हवी. माझं म्हणणं घर घेणाऱ्याच्या प्रश्नापुरतं आहे. 'माझ्या मुलीला शाळेतून चालत घरी येता येईल का' या प्रश्नाला व्हेंचुरामधल्या चीजच्या चोऱ्या उत्तर देत नाहीत. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की दोन्ही प्रश्नांचं वाटोळं होतं.

---

रातपाळी

मी नर्स आहे, उशिराच्या गाडीने येते. मुलीला शाळेतून चालत येता येईल का, हा तुमचा प्रश्न मान्य. पण ती मुलगी कोणत्या रंगाची आहे, हे कोणीच का विचारत नाही?

29 जुलै 2024 ला साउथपोर्टमध्ये नृत्यवर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. हल्लेखोर आश्रय मागायला आलेला आहे अशी खोटी बातमी पसरली, आणि आठवडाभर गावोगाव दंगे झाले. 4 ऑगस्टला, रविवारी, टॅमवर्थमध्ये आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला. खिडक्या फोडल्या, पेट्रोल बॉम्ब फेकले, आग लावली, आत माणसं असताना. पोलिसांवर हल्ले झाले. नंतर अनेकांना तुरुंगात पाठवलं गेलं, ते योग्यच झालं.

शंभरात नव्वदाहून जास्त गोरे असलेल्या या गावात त्या आठवड्यात आमच्यासारख्यांची काय अवस्था होती, ते दर हजारी आकड्यात सापडणार नाही. रुग्णालयांत सहकाऱ्यांनी एकमेकींना गाडीने घरी सोडलं. साडी, पंजाबी ड्रेस कपाटात गेले. मी आश्रयार्थी नाही हे जमावातला माणूस विचारून घेणार होता का?

म्हणून याद्या फसव्या आहेत या तुमच्या शीर्षकाशी मी सहमत आहे, पण उलट्या दिशेने. त्या धोका वाढवून सांगतात असं तुम्ही म्हणता. आमच्या वाट्याचा धोका त्या सांगतच नाहीत.

---

नाशिककर_इन_लेस्टर

रातपाळीताई, त्या दिवशीचं कोणी समर्थन करणार नाही. पण एका रविवारावरून गाव जोखणं म्हणजेसुद्धा यादीसारखीच चूक नाही का? दंगे रॉदरहॅममध्ये झाले, हार्टलपूलमध्ये झाले, मोठ्या शहरांतही झाले. लेस्टरमध्ये आपल्या लोकांची एवढी वस्ती, तरी 2022 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिंदू-मुस्लिम तणावात इथे रस्त्यावर काय चाललं होतं ते आम्ही पाहिलं. आपले लोक जास्त तिथे आपण सुरक्षित, हे गणितही खरं नाही.

गावच्या फेसबुक गटावर रोज कोणीतरी 'काळ्या हूडीतली दोन मुलं गाड्यांची हँडल तपासत होती' असा व्हिडिओ टाकतो. तो व्हिडिओ शेकडो जण बघतात आणि गाव बुडालं असं ठरवतात. भीतीचा बराचसा भाग तिथून येतो.

---

रातपाळी

एका रविवारावरून जोखत नाही. त्या रविवारी जे लोक रस्त्यावर होते त्यांतले अनेकजण याच परिसरातले होते, आणि सोमवारी ते याच परिसरात राहत होते, एवढंच सांगते. लेस्टरमध्ये काही घडलं तर दार वाजवायला शेजारी दहा घरं आपली असतात. इथे ती नाहीत. हा फरक तुम्हाला लेस्टरमध्ये बसून कळणार नाही.

---

पाटल्या-बिलवर

थोडं वेगळं, पण घर घेणाऱ्यांनी वाचावं. गाव कुठलंही असो, आपल्या घरांना एक खास धोका आहे तो सोन्याचा. दक्षिण आशियाई घरांत बावीस कॅरटचं सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या सुमाराला पोलीसच तशा सूचना काढतात. सासूबाईंनी दिलेलं घरात, कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवू नका. चोर आधी तिथेच बघतो. फोटो काढून, वजन लिहून ठेवा, आणि विमा कंपनीला दागिन्यांचा आकडा वेगळा सांगा, कारण साध्या घरविम्यात एका वस्तूला मर्यादा असते. बिनकिल्लीची गाडी असेल तर तिची फोब (सिग्नलवर चालणारी इलेक्ट्रॉनिक किल्ली) दाराजवळ टांगू नका. घराबाहेर उभं राहून सिग्नल पकडून गाडी नेतात.

---

कोष्टक

याला जोडून : घरफोडी झाल्यावर चोर सापडेल या भरवशावर राहू नका. देशभरात शंभर घरफोड्यांमागे दहा प्रकरणांतही कोणावर आरोप ठेवला जात नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पोलीसप्रमुखांनी प्रत्येक घरफोडीच्या जागी अधिकारी पाठवण्याचं वचन दिलं, म्हणजे त्याआधी सगळीकडे जात नव्हते हे उघड आहे.

---

गल्ल्यावरची

आणि हे कुठल्या गावाबद्दल बोलतोय आपण? टाउन हॉलसमोर ज्याचा पुतळा आहे तो सर रॉबर्ट पील टॅमवर्थचा खासदार होता. 1829 मध्ये लंडनचं पोलीस दल उभं करणारा गृहमंत्री. आधुनिक पोलिसांच्या जनकाचं गाव, आणि बाजारच्या दिवशी पोलीस दिसायला नशीब लागतं!

---

नाशिककर_इन_लेस्टर

पीलच्या नावाने जी तत्त्वं सांगितली जातात त्यांत शेवटचं असं आहे की पोलीस कार्यक्षम आहेत की नाहीत हे गुन्हे नसण्यावरून ठरतं, पोलिसांची धावपळ दिसण्यावरून नव्हे. पोलीस दिसत नाहीत म्हणून असुरक्षित, हा तर्क तिथेच पडतो.

---

अंकरकाठ

इथे मात्र मी गल्ल्यावरच्या ताईंच्या बाजूने. ते तत्त्व वाचताना त्याआधीची सुद्धा वाचा. लोकांची संमती आणि विश्वास यावर पोलिसांचं बळ उभं असतं, असं ती सांगतात. ओळखीचा चेहरा रोज बाजारात फिरल्याशिवाय तो विश्वास कुठून येणार? 2010 ते 2018 मध्ये इंग्लंड-वेल्समधले सुमारे 20 हजार पोलीस कमी केले, मग 2023 पर्यंत तेवढेच नव्याने भरले. पण नव्यांना गावं ओळखायला वेळ लागतो. आणि पायी गस्त घालणारे, दुकानदारांना नावाने हाक मारणारे जे साहाय्यक अधिकारी होते, पीसीएसओ, त्यांची संख्या 2010 च्या निम्म्याहून खाली आली आहे. ती कोणी भरून काढली नाही. बाजारपेठेच्या गावाचं सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं, आणि 'सुरक्षित गावांच्या' कुठल्याच यादीत त्याचा रकाना नाही.

रातपाळीताई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे आकड्यांचं उत्तर नाही. तरीही त्या जोडप्याने इथे यावं असंच मला वाटतं. आपण आलोच नाही तर दार वाजवायची दहा घरं होणार कशी?

---

रातपाळी

ती दहा घरं उभी करायची जबाबदारी नवीन आलेल्या बाईच्या खांद्यावर का? आधी नगरपालिकेने आणि पोलिसांनी आम्हाला बोलावून विचारावं, तुम्हाला कुठे भीती वाटते म्हणून. मग मी स्वतः लोकांना इथे या म्हणेन.

---

नवीन_भाडेकरू

धाग्यातलं जोडपं आम्हीच. सगळं वाचलं. बायकोची शिफ्ट रात्री दहाला संपते आणि गाडी घ्यायला अजून वेळ आहे. ॲमिंग्टन आणि ग्लास्कोट, दोन्हीकडे भाड्याची घरं पाहतोय. आधी सहा महिने भाड्याने राहून मग विकत घ्यायचं, असं ठरतंय.

---

रातपाळी

हे चांगलं ठरवलंत. सौदा करायच्या आधी शुक्रवारी रात्री साडेदहाला स्टेशनपासून त्या घरापर्यंत दोघं चालत जा, दुपारी नको. नदीकाठची वाट जवळची असली तरी दिव्यांचा रस्ता धरा. जवळपास उशिरापर्यंत उघडं दुकान आहे का ते पाहा. रात्रीची बस विरळ असते, शेवटची किती वाजता सुटते ते बघून ठेवा. आणि बायकोला माझा निरोप टाकायला सांगा, माझी पाळी जुळली तर एकाच गाडीने येऊ.